मातीतली बेबीताई

नागपूर, ८ मार्च १९७४

प्रिय बेबीताईले,

देवमनचा जयभीम. मी बरा हाओ, मेसमधी दोन टाईम जेवतो.

आर्ट कॉलेजच्या सरांनी दुष्काळावर मातीची उठावचित्रं करायले सांगतली. मी आपल्या धनज गावच्या घरची चूल केली. तू मले तरोट्याची रानभाजी अन् भाकर वाढून राह्यली, असं चित्र. प्रदर्शनात एक म्हातारी लय वेळ पाहत राह्यली. म्हणे, "बाबू, हे बाई सोता उपाशी हाय."

ताई, मातीत तुहे गाल बसलेले अन् पोट पाठीले लागलेलं झालं होतं, पन मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. तू तं रोज "मी कामावरच जेवली" म्हणायची. माह्या हातांले समजलं, मले तवा समजलं नाही. तुह्यामुळंच मी इथं शिकून राह्यलो.

विहिरीले पानी हाय का? तू पोटभर जेवते का? या टायमी खरं लिहिजो.

तुहा लहाना भाऊ,
देवमन