एका चुलीवरची सात माणसं

॥ श्री ॥
ता. मालवण, १२ फेब्रुवारी २००६

चिरंजीव गणपत भावजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

तुमचे गुडघे, सत्यवतीचं पित्त, दोन्ही मुलगे, सून आणि तिचं बाळ, सगळं ठीक असेलच. कारण कुणाचं काही बिघडलं की तुम्ही शेजारच्या बाबलीकडे फोन करता आणि माझ्याकडून देवाला नारळ ठेवून घेता, आणि गेले चार महिने फोन नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. राग सोडून दुसरा आजार नाही. सातवीपर्यंत शिकल्यामुळे कागदावर माझी मराठी शाळेतली होते, पण राग मालवणीच आहे, तो तसाच वाचावा.

तुमचा कागद पोचला. घराचे दोन भाग, दोन घरनंबर, पडवीत तुमची वेगळी चूल, त्या चुलीवर पर्यटकांना न्याहारी, आणि या सगळ्याला माझी सही. त्याचं शेवटी बघू. (पत्राचा शेवट आधी वाचायची तुमची जुनी खोड आहे, ती इथे करू नका.) सध्या माझं डोकं दुसऱ्याच कागदाने फिरवलंय.

झालं असं, की गेल्या सोमवारी वालावलची एक मुलगी, जान्हवी तिचं नाव, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आपल्या खळ्यात उभी राहिली. ती कॉलेजात मानवी भूगोल शिकते. माझ्या वेळी भूगोलात नद्या आणि डोंगर होते. माणसांना त्यात कधी घुसवलं, मला कुणी विचारलं नाही. पोर ऊन खाऊन आली होती म्हणून आधी सोलकढी दिली, मग म्हटलं विचार काय ते. तिथेच चुकले.

पहिला प्रश्न, वस्तीचा प्रकार. रेषेत आहे की विखुरलेली? आता बाबली रात्रभर खोकतो ते माझ्या चुलीपाशी ऐकू येतं, ही वस्ती विखुरलेली कशी? मग लोकसंख्येची घनता, म्हणजे एका चौरस किलोमीटरात किती माणसं. मी विचारलं, त्यात किनाऱ्याची वाळू धरता? हो म्हणाली. तिथे तर कुर्ल्या राहतात, त्या खेकड्यांचीही घनता काढ म्हटलं. मग स्थलांतराची कारणं, ढकलणारे घटक आणि ओढणारे घटक. ओढणारे म्हटल्यावर मी आपल्या रापणीवर जाळं ओढणाऱ्यांची नावं सांगायला लागले. शिवा, सत्यवान, धाकटा भाई... चार नावं तिने बिचारीने लिहूनही घेतली. नंतर कळलं की ओढणारं म्हणजे मुंबई. (तुमच्या बाबतीत तो घटक कोण ते मला ठाऊक आहे, पण सत्यवती हे पत्र वाचते.)

इथपर्यंत मी हसत होते. मग आला व्यवसाय. मासे पकडणारा तो प्राथमिक, खारवून सुकवणारा द्वितीयक, आणि विकणारा तृतीयक. मी म्हटलं, बाय, मी पहाटे रापणीला हात लावते, बाजारात बसून विकते आणि उरलं ते सुकवते, मला कुठल्या खणात बसवतेस? तिने पेन चावलं, माझं वय विचारलं, बासष्ट ऐकलं आणि लिहिलं, 'अवलंबित'. म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारी! मी! तुमचे भाऊ गेल्यापासून एक दिवस कुणाच्या दारात वाडगा घेऊन उभी राहिले नाही ती मी! तळपायाची आग मस्तकात गेली, पण मुलगी सोलकढीचा पेला धुऊन ठेवणारी निघाली, म्हणून गिळलं.

खरा आगीचा डोंब पुढे आहे. कुटुंबात माणसं किती? सात, मी सांगितलं. तुम्ही, सत्यवती, दोन मुलगे, सून, बाळ आणि मी. ती आत डोकावली. काठीवर एक लुगडं, फळीवर एक ताट. कुठे आहेत सगळे, म्हणाली. मुंबईत. मग ते धरता येत नाहीत आजी, कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहून एका चुलीवर जेवणारी माणसं. मी तिचा हात धरून तिला चुलीपुढे उभी केली. "बघ गो बाय, चूल एकच आसा. दुसरी खंय दिसता तुका?" आमच्यात चूल वेगळी झालेली नाही. वेगळी व्हायची तर देवाकडे गाऱ्हाणं घालावं लागतं, चार माणसं बोलवावी लागतात. यातलं काही झालेलं नाही, तोवर आम्ही सात. तिने मान हलवली, सोलकढीबद्दल आभार मानले आणि लिहिलं, एक. आणि तुमच्यापुढे लिहिलं, 'कायमचे स्थलांतरित'. स्थलांतर म्हणजे माणसाने जागा बदलली, होय ना? तुमची जागा पडवीतल्या बाकड्यावर आहे. तिच्यावर मी सुका बांगडासुद्धा ठेवत नाही.

गुरुवारी तिने ग्रामपंचायतीत वाडीचा नकाशा लावला. प्रत्येक घराचा एक ठिपका. भरल्या घराचा हिरवा, आणि जिथे एकच म्हातारं माणूस तिथे लाल. आपल्या घरावर लाल! बाजाराला जाणारी प्रत्येक बाई तो ठिपका बघणार. मी ऑफिसात कुणी नाही असं बघून बोटाला खोबरेल लावलं आणि ठिपका पुसायला घेतला. मेला तो रंग पुसला जाईना, पसरायला लागला. मी घासते तसा तो जास्तच सरकतो. आपल्या घरावरून बाबलीच्या घरावर, तिथून शिवाच्या, तिथून देवळाच्या. अकरा माणसांचं बाबलीचं घर क्षणात लाल झालं. तेवढ्यात त्याची बायको हौसाबाई दाखला घ्यायला आत आली. ती अख्ख्या ऑफिसात ओरडली, "तुळशे, माझी अकरा माणसा खंय गिळलंस?" ग्रामसेवक चहा टाकून धावत आला. एरवी तोही मालवणीच बोलतो, पण त्या दिवशी मला शुद्ध मराठीत 'सार्वजनिक मालमत्तेची विटंबना' ऐकवली. आता नकाशावर अर्धी वाडी एकटी आहे आणि सगळे माझ्यावर चिडलेत. मी कुणावर चिडले आहे, ते इथवर वाचून तुम्हाला कळलं असेलच.

तेव्हा माझा राग पोचल्याचं कळवावं. सत्यवतीला पित्तावर कोकमं बाबलीच्या पुतण्याबरोबर पाठवते आहे. बाळाचा पापा घ्यावा.

तुमची अवलंबित
तुळसा वहिनी

ता. क. : तुमच्या कागदावर सही केली आहे. पर्यटक येऊ देत, न्याहारी खाऊ देत. पण कागद टपालाने यायचा नाही. तो तांदळाच्या डब्याखाली आहे. दुसरी चूल पेटायच्या आधी सातही जणांनी या चुलीवर एकदा जेवावं आणि घेऊन जावा.

आणखी ता. क. : गणपतीला येऊ नका. गणपतीला येतात ते 'हंगामी', जान्हवीच्या पुस्तकात ते मोजत नाहीत. काही सण नसेल, काही काम नसेल, अशा दिवशी या.

शेवटचं ता. क. : पत्र चिकटवत होते तर जान्हवी नवा नकाशा करायला म्हणून फॉर्म घेऊन आली. सोमवारपासून ती रोज दुपारी माझ्याकडेच जेवते. मी विचारलं, गो, एका चुलीवर जेवता तो कुटुंबातलो, असोच ना तुझो नियम? तिने माझ्या फॉर्मावर स्वतःचं नाव लिहिलं. तेव्हा सध्या घरात दोन माणसं आहेत आणि ठिपका हिरवा होणार आहे. पण महिनाअखेर तिचं काम संपतं. बाळ मासे खायला लागलं का ते कळवावं, काटे काढून ठेवीन.