अडवलेला पाळणा

कामरगाव
ता. २८ मार्च १९७८

आदरणीय भागिरथाबाईस,
धाकट्या इंद्रभानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी बरा आहे. पत्रास कारण की, एक नोकरी दिसली आहे. नागपूरला मुलांसाठी मोठी बालनगरी उघडणार आहेत. विजेवर फिरणारा रहाटपाळणा, छोटी आगगाडी, पाण्यात होड्या, सगळं एकाच कुंपणात. आपल्याकडची जत्रा उठून जाते, ही उठायची नाही. बारा महिने राहायची. पेपरातली जाहिरात कापून ठेवली आहे. रहाटपाळण्यावर माणसं पाहिजेत: मॅट्रिक पास, हसतमुख, आणि पाळण्यावर काम केल्याचं मालकाचं पत्र सोबत. मुलाखत दहा मेला.

मॅट्रिक मी आहे. हसतमुख व्हायचा अभ्यास चालू आहे. रोज सकाळी आरशापुढे उभा राहून हसतो. पण आई-बाबा गेले, तू किन्हीराजाला नांदायला गेलीस, आता या घरात मी आणि चूल. परवा मोजून पाहिलं, तीन दिवसांत माझं नाव कोणीच घेतलं नव्हतं. चौथ्या दिवशी एस.टी. स्टँडवर गेलो आणि कंडक्टरला उगाच मूर्तिजापूरची गाडी विचारली.

कॉलेज सोडल्याचा सल तुझ्या मनात आहे, ठाऊक आहे मला. त्या क्लार्कने आम्हा स्कॉलरशिपवाल्यांना दोन तास व्हरांड्यात उभं ठेवलं आणि वर हसला, म्हणून फॉर्म त्याच्या तोंडावर फेकला. फेकून सरळ गावी आलो. परत जाऊन उचलला असता तर आज बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतो. जाऊ दे.

आता खरी गोष्ट. कॉलेज अर्ध्यात टाकणाऱ्याला मुलगी देत नाही, आधी कुठे टिकून दाखव, असं माणिकराव गुरुजी तुझ्याजवळ बोलले होते. त्यांची गंगू तुझ्या दारासमोर बालवाडी चालवते. ती कशी आहे, माझं काही विचारते का, हे तू मागच्या दोन पत्रांत लिहिलं नाहीस. म्हैस व्याल्याचं मात्र पानभर लिहिलंस.

मालकाच्या पत्रासाठी पोहरादेवीला जातो आहे. तिथे रामनवमीच्या जत्रेत भाऊसिंग बंजाऱ्याचा रहाटपाळणा लागतो. त्याने ये म्हटलं आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, आणि दोन ओळी गंगूच्या घाल.

तुझा,
इंद्रभान


किन्हीराजा
ता. ४ एप्रिल १९७८

चि. इंद्रभान यास,
भागिरथाबाईचे अ. उ. आ.

तुह्यं पत्र पावलं. आरशापुढं हसतो हे तुह्या भाटव्यायले, आमच्या घरच्या उकंडरावायले, वाचून दाखवलं. ते म्हणाले, आरसा फुटला तर कळवजो म्हणा.

देवीच्या जत्रेत आपला पोट्टा कायले राबते, असं इथं वस्तीत दोघं-तिघं बोलले. मी सांगितलं का तो हात जोडाले नाई, पाळणा लोटाले गेला. पण चौदा तारखेची जयंती तू चुकवशीन, हे मलेबी बरं नाई वाटलं.

गंगू बरी हाये. बालवाडीत पस्तीस लेकरं, मान वर कराले फुरसत नाई. तुह्यं विचारते, पण तोंडानं नाई. तुह्यं पत्र आलं का माह्या दारातून हालत नाई, यातच समजून घे. माणिकराव गुरुजीबी परवा विचारत होते, पोट्टा कोठी हाये, काय करून राह्यला. मी सांगितलं. याच्यावर मले काही विचारू नको.

जत्रेत धुतलेला शर्ट घालत जाजो. आन् कोणाच्या बोलण्यावर पेटू नको, इंद्रा. तुह्या रागाले घर नाई, तो कोठीबी मुक्काम करते.

जिवाले जपजो. इकडं आमी हाओत, हे इसरू नको.

तुही बहीण,
भागिरथा


पोहरादेवी
ता. १३ एप्रिल १९७८

आदरणीय बाईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र इथे आलं आणि भाऊसिंगच्या तंबूत माझा भाव वाढला. या माणसाला लिहिणारं कोणीतरी आहे, असं त्यांना पहिल्यांदाच कळलं.

पाळणा लाकडी आहे, आठ डब्यांचा. एका डब्यात चौघं. मी आणि भाऊसिंगचा मोठा मुलगा रूपला, दोघं हाताने लोटतो. एका बाजूचा डबा भरला की समोरचा भरेपर्यंत चाक हलवायचं नाही, नाहीतर जड बाजू आपोआप खाली धावते. त्याला नजर पाहिजे. काल एका जाड पाटलीणबाईसमोर मी दोन पोरं, त्यांची आजी आणि तिचं गाठोडं बसवलं, चाक कसं लोण्यासारखं फिरलं. भाऊसिंगने मला स्वतःची तंबाखू दिली.

थांबवायला बाभळीचा दांडा आहे. तो चाकाच्या आऱ्यांत घातला की चाक जागच्या जागी उभं. भाऊसिंग म्हणतो, दांडा हातात असताना आसाकडे पाहायचं, माणसांकडे नाही. वर बसलेला तुझा सोयरा नाही आणि वैरीही नाही.

माणसं एवढी आहेत की रस्ता दिसत नाही, आणि त्यात माझं एकही नाही. जेवताना हे बापलेक आपसात त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलतात, हसतात. मला एक अक्षर कळत नाही, मी भाकरीकडे पाहून हसतो. उद्या जयंती. आपल्या गावात मिरवणूक निघेल, आणि मी इथे गळ्यात निळा रुमाल बांधून पाळणा लोटत असेन.

शर्ट धुतो आहे. तिला सांग, नको, काही सांगू नकोस. आठवण ठेव म्हणजे झालं.

तुझा,
इंद्रभान


पोहरादेवी
ता. १७ एप्रिल १९७८

बाईस जयभीम.

हे पत्र चुलीत घालण्याआधी पूर्ण वाच. काल रामनवमीच्या भर दुपारी तू, माणिकराव गुरुजी, गंगू आणि तो टेरिलिनच्या शर्टातला माझ्यासमोर आलात. तू माझ्याशी बोलली नाहीस. नजर चोरलीस. तू आणि गुरुजी खाली राहिलात, आणि गंगू त्याच्या शेजारी डब्यात बसली. तो तिच्याशी हसून बोलत होता, माझ्याकडे बोट करून दाखवत होता. मला समजायला आणखी काय पाहिजे होतं? माझ्या मुलाखतीपर्यंतही तुमच्याने थांबवलं नाही. नवरदेव शोधलात, आणि त्याला माझ्याच हाताने फिरवायला आणलंत.

त्यांचा डबा सगळ्यात वर गेला तेव्हा मी दांडा घातला. धरून उभा राहिलो. रूपला माझा हात ओढत होता, मी सोडला नाही. मी आसाकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. गंगूने खाली वाकून पाहिलं. बाकीच्या डब्यांतली माणसं ओरडायला लागली, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. गुरुजींनी मला नावाने हाक मारली. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. शेवटी भाऊसिंगने माझी बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली.

तुम्ही सगळे एक शब्द न बोलता निघून गेलात. माझी सख्खी बहीणसुद्धा.

मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर तो कोण, एवढंच लिही.

इंद्रभान


किन्हीराजा
ता. २२ एप्रिल १९७८

चि. इंद्रभान यास, अ. उ. आ.

तो कोण, ते आधी ऐक. तो जगदेव. गंगूच्या सख्ख्या मावशीचा पोरगा. अकोल्याले वीज मंडळात हाये, दोन लेकरांचा बाप हाये. तिचा भाऊ लागते तो, इंद्रा. तुले खाली उतरवून एका शब्दानं विचारता आलं असतं.

नवरदेव पाहाले कोणी आलं नव्हतं. गुरुजी तुलेच पाहाले आलते. नोकरी लागल्यावर तर कोणीबी चांगला दिसते, त्याच्या आधी पोट्टा चार माणसांत कसा राबते, कसा बोलते, ते न सांगता पाहू, असं त्यायच्या मनात होतं. मले त्यायनं गळ्याची शपथ घातली का इंद्रभानले कळू द्यायचं नाई, नाईतर तो नटून बसते. म्हणून मी नजर चोरली. जगदेवले माणसाची पारख हाये म्हणून त्याले मुद्दाम बोलावलं. तो बोट दाखवत होता, ते गंगूले सांगत होता का पोट्टा हुशार हाये, डबे कसे तोलून भरते पाह्य. हे त्यानंच मले मागून सांगितलं.

घरी आल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले का, रागीट हाये, पण वयबी हाये, आता गंगूले विचारा, ती म्हणन तसं. मी दुसऱ्या दिवशी बालवाडीत गेली. ती पायरीवर बसून एका लेकराचं नाक पुसत होती. मी विचारलं. तिनं लेकराले आत पाठवलं. मग म्हणाली, "उंचीचं भेव नाई वाटलं मले, बाई. खाली त्याचं तोंड पाह्यलं, तवा वाटलं."

मी पुढं काही विचारलं नाई.

चूक माहीबी हाये. शपथ मोडून दोन ओळी तुले लिहाले पाह्यजे होत्या. पण मंग तू जो शहाण्यासारखा वागला असता, तो कोण असता, हेबी मनात येते. जेवत जाजो. रागावला तरी पत्र टाकजो.

तुही,
भागिरथा


पोहरादेवी
ता. ३० एप्रिल १९७८

आदरणीय बाईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. घाम लागून शाई पसरली आहे, पण गंगूची ओळ मला कागद न पाहता म्हणता येते.

जत्रा उठली. मला वाटलं होतं भाऊसिंग त्याच दिवशी हाकलेल. त्याने हाकललं नाही. पाळणा उतरवेपर्यंत थांबायला सांगितलं, थांबलो. एकेक आरा पुसला, आसाला वंगण घातलं. मैदानात आता आमचा एकच तंबू आहे, आणि त्या दोघांच्या बोलण्यात माझं नावही ऐकू येत नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

काल त्याला शिफारसपत्र मागितलं. त्याला लिहिता येत नाही. तो सांगत गेला आणि मीच लिहिलं. हा माणूस एक महिना माझ्या पाळण्यावर राबला. डबे बरोबर तोलतो. चोरी नाही, दारू नाही. रामनवमीला याने रागाच्या भरात भरलेला पाळणा अडवून धरला. त्यानंतर कधी नाही. मी म्हणालो, ती मधली ओळ कशाला? तो म्हणाला, ती नसली तर बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवणार? आणि मी ती गाळली असेल म्हणून त्याने कागद इथल्या शाळामास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतला. मगच अंगठा उठवला.

आता तूच सांग, असलं पत्र नेऊन दाखवू की नको? दाखवलं तर नोकरी गेली. नोकरी गेली तर गंगूपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? लागली तर निदान म्हणता येईल की माणूस बदलतो. म्हणता येईल ना?

उत्तर कामरगावला पाठव. उशीर करू नकोस.

तुझा,
इंद्रभान


किन्हीराजा
ता. ५ मे १९७८

चि. इंद्रभान यास, अ. उ. आ.

तुह्ये भाटवे म्हणते, त्यात काय अवघड हाये, दुसरा कागद लिही, अंगठ्यावर काही नाव कोरलं नसते, पाह्यजे तर माहा घे. मी त्यायले म्हटलं, तुमचा अंगठा तुमच्याजवळच असू द्या.

पण कोणता कागद दाखवायचा ते मी सांगणार नाई. आजवर लई सांगितलं तुले. माणूस बदलते का, हे मले नाई सांगता येत. गंगूले मी आपल्या मनानं काही विचारणार नाई, तू म्हणशीन तवाच.

गावच्या माणसासोबत दशम्या पाठवल्या हायेत. प्रवासात खाजो, आदल्या दिवशीच संपवू नको.

माया कमी झाली असं समजू नको.

तुही,
भागिरथा


नागपूर
ता. १३ मे १९७८

आदरणीय बाईस,
इंद्रभानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दशम्या अमरावतीच्या स्टँडवर खाल्ल्या. भाटव्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुसरा कागद मी लिहून घेतला होता, खोटं कशाला बोलू. अंगठाही माझाच उठवला होता. तो तिथेच फाडला. फार विचार करून फाडला असं नाही. भाऊसिंगने महिनाभर आपल्या ताटातली भाकरी दिली होती, आणि त्याच्या नावापुढे माझा अंगठा बघवेना.

मुलाखतीला तिघं होते. त्यातल्या म्हाताऱ्या इंजिनिअरने पत्र दोनदा वाचलं आणि अक्षर कोणाचं ते विचारलं. माझं म्हणालो. मग त्याने विचारलं, पाळण्यावर तू स्वतः कधी बसला आहेस का? तेव्हा ध्यानात आलं, महिनाभर लोटला, पण बसलो एकदाही नाही.

इथे प्रत्येक उमेदवाराला बसवतात. उंचीची भीती आहे का ते पाहायला. बालनगरी अजून उघडायची आहे, सगळे डबे रिकामे, त्यातल्या एकात मी एकटा. चार मजल्यांइतकं वर नेऊन चाक थांबवलं. अर्धं नागपूर दिसत होतं. भीती वाटली नाही. मग खाली पाहिलं. विजेच्या खटक्यापाशी एक माणूस पान चघळत उभा होता. त्याचं माझ्याशी काही वैर नव्हतं, त्याला माझं नावही माहीत नव्हतं. तरी बाई, तो खटका दाबेपर्यंत मी सगळाच्या सगळा त्याच्या हातात होतो. हाक मारली तर ऐकायचं की नाही, ते त्याच्या मनावर. त्याने मान वर केली तेव्हा मी ओशाळवाणा हसलो, जसं आपण साहेबापुढे हसतो. आणि हा तर परका माणूस. गंगूने खाली पाहिलं तेव्हा तिथे मी होतो.

नोकरी दिली आहे. पण सहा महिने फक्त डबे भरायचे, दारं लावायची. खटक्याला हात लावायचा नाही. त्या म्हाताऱ्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं. कानशिलं तापली, पण कागद फेकला नाही. सही केली.

इथे इंदोरा वस्तीत एक खोली मिळाली आहे. शेजारी कोण राहतं ते अजून कळलं नाही. आज दिवसभरात फक्त कंपनीच्या शिपायाशी बोललो, तेही तो नाव चुकीचं लिहीत होता म्हणून.

आता एक मागणं आहे. नोकरी लागल्याचं ऐकताच तू हे पत्र घेऊन गुरुजींच्या दारात जाशील, मी ओळखतो तुला. जाऊ नकोस. गुरुजी मनाने मोठे आहेत, ते विरघळतील. मग चार वडीलधारी माणसं बसतील, गंगूला मधे बसवतील, पोट्टा सुधारला, नोकरीला लागला म्हणतील, आणि एवढ्या सगळ्यांपुढे तिच्याने नाही म्हणवणार नाही. ते मला नको. एकदा तिला वर अडकवलं, तेवढं पुरे झालं.

ती आपण होऊन काही बोलली तर लिही. नाही बोलली, तर तिचं नावही पत्रात घालू नकोस. मी विचारलं तरी घालू नकोस. विचारीन मी, दर पत्रात विचारीन, मला माझा भरवसा नाही. पण तू घालू नकोस.

माया ठेव. पत्त्यावर खोली नंबर लिहायला विसरू नकोस, इथे नावाने मला कोणी ओळखत नाही.

तुझा धाकटा,
इंद्रभान