चबुतऱ्यावरचे दाणे

सारंगखेडा, १८ ऑक्टोबर २०२४

ती. सीमाताईस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर घरातले सगळे ऐकतात, म्हणून लिहायला बसले. दादर ज्वारी पेरून झाली. पिशवीत दोन किलो बी उरलं, किडीचं औषध लावलेलं, गुलाबी. फेकवेना. तीन पाण्यांनी धुतलं, रंग गेला, उन्हात वाळवलं आणि एकादशीला गावच्या चबुतऱ्यावर पाखरांना घातलं. सासूबाईंपासूनचा नेम, तुला ठाऊकच आहे.

दुसऱ्या दिवशी खाली होले आणि पारवे पडलेले. मोजले, एकेचाळीस. शेजारच्या फुलवंताबाईला सांगितलं, तर म्हणे येडी शे का तू, गप ऱ्हाय. आता गाव म्हणतं, आमची केळी राखणाऱ्या वीरसिंगनेच पाखरं मारून खायला म्हणून विष घातलं. त्याच्या बायकोला, दिवलीबाईला, मेलेली पाखरं गोळा करताना पाहिलं ना! आमचे हे त्याला कामावरून काढणार आहेत. माझी जीभ उचलत नाही. काय करू?

तुझ्या आशीर्वादाच्या आधाराने आहे,
मोहिनी

खापर, २४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मोहिनीस अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून वापरायचीस. तुझी काटकसर शेवटी पाखरांच्या वाट्याला आली गं. पण तुला एकटीला काय बोलू? आम्ही तुरीला चार वेळा औषध मारलं. फूल भरपूर आहे, त्यावर मधमाशी एक नाही. तुझे दाजी म्हणतात, अजून एकदा मारू. मी आता वाद घालायचं सोडलं. थकले.

तू मात्र गप्प राहू नकोस. झालं ते पाप दुसऱ्याच्या माथी ठेवून एकादश्या करशील का? तुझे यजमान भूपेंद्रराव ओरडतील. ओरडू देत.

माया कमी होणार नाही, भिऊ नकोस.
सीमा

सारंगखेडा, १० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र चार दिवस देवांमागे ठेवलं. मग भजनाच्या बायकांपुढे बोलले, ह्यांच्यापुढेही बोलले. हे हसले. म्हणाले, पाखरं कमी झाली तर दादर राखायची कटकट गेली. बायकांनी पुढचा अभंग धरला. कोणी रागावलंसुद्धा नाही, ताई. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तोवर वीरसिंगला काढलं होतं. काल जीपमध्ये दाटीवाटीने बसून धडगावच्या पुढे त्याच्या पाड्यावर गेले. सगळं सांगितलं, माफी मागितली, परत चला म्हटलं. तो नाही म्हणाला. दिवलीबाईने पाणी दिलं. तिने मला बी धुताना, गुलाबी पाणी वाहताना पाहिलं होतं म्हणे. पाखरं तिने पुरायला गोळा केली होती, कुत्र्यांनी खाऊन तीही मरू नयेत म्हणून. मग तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तर ती म्हणाली, कोणाला सांगायचं होतं, बाई?

एवढं वाचूनही लोभ ठेवता आला तर ठेव.
मोहिनी