सागवानी पेटीतली गिटार

नाना,

तुम्ही दादाच्या गिटारसाठी केलेली सागवानी पेटी मागच्या महिन्यात मी माळ्यावरून खाली काढली. तुमची नात आता अठरा वर्षांची झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती, तिला तुमची मिशी तेवढी आठवते. पुण्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला आणि जाताना मामाची गिटार नेऊ का, असं तिनं विचारलं. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. पण पेटी जिन्यावरून उतरवतानाच आम्हा दोघींचे हात भरून आले. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "मम्मी, ही घेऊन हॉस्टेलचे तीन मजले मी कशी चढणार? मी आपलं साधं कापडी कव्हर घेते." मी म्हटलं, कापडी नाही. रेल्वेत वरच्या फळीवरून कुणाची बॅग पडली तर गिटारची मान मोडायची. घ्यायची तर कडक केसच घ्यायची, फक्त तुला उचलता येईल अशी. दुसऱ्या दिवशी आम्ही गिटार पेटीसकट रिक्षात घातली आणि जळगावच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार साठीचा, हळू बोलणारा माणूस. मला वाटलं होतं, चपलेसारखं माप सांगितलं की केस मिळेल. तसं नसतं, नाना. त्यानं तीन केसेस खाली काढल्या आणि आधी तुमची पेटी उघडायला सांगितली. मी कुलूप काढलं. आत आईची ती निळी गोधडी, तुम्ही कापून चारी बाजूंनी खिळलेली, अजून तशीच. त्यानं गिटार उचलून बाजूला ठेवली आणि तिच्याकडे न बघता पेटीतच वाकून बघत राहिला. मान जिथे टेकते तिथे तुम्ही चंद्रकोरीसारखा कोरलेला लाकडाचा ठोकळा बसवलाय ना, त्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"हे कुणी केलं, ताई?"

"माझ्या वडिलांनी."

"गिटार वाजवायचे?"

"नाही. दारं-खिडक्या करायचे. धुळ्याला."

तो म्हणाला, "चांगल्या केसमध्ये पहिलं हेच बघायचं असतं. गिटारचं डोकं तळाला टेकता कामा नये, भार मानेखाली पेलायचा. बऱ्याच कंपन्यांना हे नीट जमत नाही. यांनी कुठे पाहिलं असेल?" तुम्ही कुठेच पाहिलं नव्हतं. दादाच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही वखारीतून फळ्या आणल्यात, ओट्यावर गिटार आडवी ठेवलीत आणि चौकटीचं माप घेता तसं टेपनं माप घेतलंत. किती वेळा घेतलंत! मी सोळा वर्षांची, दाराशी उभी होते. तुम्ही गिटारच्या मानेखाली आधी स्वतःचा तळहात धरलात, जरा वर केलात, जरा खाली, आणि मग तेवढ्याच उंचीचा ठोकळा कोरायला घेतलात. तुमच्या तळहाताची ती उंची मला त्या परक्या दुकानात, टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली अचानक दिसली.

दुकानदारानं मग गिटार उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला. खालच्या बाजूला, जिथे तारा अडकवतात, ती लाकडी पट्टी उचलून आली होती. कागद सरकेल एवढी फट पडली होती. वरची फळीही पोट आल्यासारखी फुगली होती. "तारा कुणी सैल केल्याच नाहीत का? किती वर्षं झाली?" मी म्हटलं, तीस. त्यानं वर बघितलं. "आणि ठेवली होती कुठे? पत्र्याखाली?" आधी धुळ्याच्या घरी पत्र्याखालच्या माळ्यावर, मग माझ्याकडे जळगावात, स्लॅबखालच्या माळ्यावर. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगू. त्यानं समजावलं, की तारा कायम ओढत असतात आणि उन्हानं डिंक ढिला होतो. पेटी कितीही भक्कम असली तरी हे ओढणं पेटीच्या आतच चालू राहतं.

तुम्हाला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. ओल्या लाकडाचं दार कुठल्या महिन्यात कुठे फुगेल ते तुम्ही आधी सांगायचात. पेटी बंद करताना आईनंही विचारलं होतं, तारा सोडायच्या का म्हणून. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. त्यानी लायेल शेतस." त्यानं लावलेल्या आहेत. एवढं बोलून तुम्ही झाकण लावलंत.

"तारा उतरवू ना, ताई?" दुकानदारानं विचारलं. "त्याशिवाय दुरुस्ती होणार नाही, आणि केसचं मापही नीट कळणार नाही." नात माझ्याकडे बघत होती. मी मग मान हलवली. त्यानं एकेक खुंटी उलटी फिरवली. गंजलेली तार आधी कुरकुरली, मग तिचा आवाज खाली खाली गेला आणि बंद झाला. अशा सहा तारा. पाचवी मधेच तुटली. दादानं शेवटचं त्या गिटारवर जे काही केलं होतं ते माझ्यासमोर पाच मिनिटांत सुटून गेलं, आणि त्याला परवानगी मी दिली. तुम्ही असता तर दिली असती का, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे.

केस निवडायला मग तासभर लागला. पहिली फायबरची, दिसायला देखणी, पण आत गिटार हलत होती. दुकानदारानं झाकण लावून ती हलवली आणि नातीला कान लावायला सांगितलं, तर आत टक् टक् वाजत होतं. दुसरी दाबून बसायची. झाकण लावताना जोर लावायला लागला. "दाबून बसवली तर केसच तिला मारेल," तो म्हणाला. तिसरी प्लायवूडची, वर काळं रेक्झिन, आत मऊ अस्तर आणि मानेखाली आधार. झाकण अलगद बसलं. नातीनं ती उचलून दुकानाच्या पायऱ्या तीनदा चढल्या-उतरल्या आणि म्हणाली, "ही जमेल." दुकानदारानं गिटार दुरुस्तीला ठेवून घेतली आणि जाताना बजावलं, "वाजवून झालं की तारा थोड्या सैल कर. उन्हात ठेवू नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसती बंद करून ठेवू नको."

आठ दिवसांनी गिटार मिळाली. फुगवटा सगळा गेला नाही, पण वाजते. नात परवा पुण्याला गेली. स्टेशनवर गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, "आजोबांनी एवढी भक्कम पेटी का केली गं?" मी म्हटलं, लाकूड हातात होतं, केली. तिला बाकीचं सांगितलं नाही.

बाकीचं असं. दादाला गिटार घेऊन चारच महिने झाले होते. एकच सूर त्याच्या बोटांना जमत नव्हता आणि तोच तो रोज संध्याकाळी घोकायचा. त्या संध्याकाळी तुम्ही वखारीतून दमून आलात, हातपाय धुतलेत आणि ओरडलात, "बठ्ठं घर डोकावर लिधं! बंद कर ते, नहीतं एक दिन फोडी टाकसू." दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेल्यावर तो मित्राच्या मोटरसायकलवर एरंडोलला निघाला आणि पारोळ्याच्या पुढे ट्रकखाली गेला. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही जेवताना मधेच थांबायचात आणि आईला म्हणायचात, "मी त्याले तसं बोलाले नको व्हतं." आई भाकरी वाढायची.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होते. तुम्ही ओरडल्यावर दादा गिटार ठेवून आत आला, माझ्या ताटातला शेंगदाणा उचलला आणि हसत सुटला. म्हणाला, "नाना काय खोटं बोलनात? मालेच सहन व्हत नही." मग बोटांचे फोड दाखवून पुन्हा हसला. रागावला नव्हता, नाना. तुमचं बोलणं त्याला लागलंच नव्हतं. रात्री जेवताना तो तुमच्याशी बोलला नाही असं तुम्हाला वाटत राहिलं, पण ते तोंडात घास होता म्हणून.

एवढं सांगायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. ओट्यावर तुम्ही माप घेत होतात तेव्हा सांगता आलं असतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "पेटी बेस शे ना? उंदीर तं नही लागनात?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बेस शे, नाना," आणि डबा धुवायला नळावर गेले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी धजले नसते, कारण मग का सांगितलं नाहीस, असं तुम्ही विचारलं असतं. पेटीला कुलूप लावलंत त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, मला वाजवायला शिकू द्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, किल्ली बंडीच्या खिशात टाकलीत. तेव्हा मी मनात म्हटलं, मग मीही नाही सांगणार. पुढे राग गेला, पण सांगायची सवयच राहिली नाही. दुसरं काही कारण नव्हतं, नाना. मला ती गिटार हवी होती.