सलूनची खुर्ची आणि प्रश्न क्रमांक सात

प्रति,
मा. सचिव,
श्रेयांक तपासणी कक्ष,
वकिलांचे निरंतर शिक्षण मंडळ,
तिसरा मजला (लिफ्ट बंद असल्याने जिन्याने).

विषय : प्रश्न क्र. ७ चे उत्तर बरोबर लिहिल्यामुळे अर्जदार नापास झाल्याबाबत, आणि त्यापायी दि. १६ पासून सनद स्थगित न करण्याबाबत.

संदर्भ : १) 'अनुत्तीर्ण' असे कळवणारे कक्षाचे पत्र, दि. २ मार्च. २) अर्जदाराची हरकत, दि. ३ मार्च. ३) हरकत फेटाळल्याचे पत्र, दि. ६ मार्च. ४) आज झालेली पुनर्परीक्षा.

महोदय,

१. अर्जदार ही दिवाळखोरी न्यायालयात एकतीस वर्षे वकिली करते. बुडालेल्या माणसाच्या बाजूने उभे राहायचे, हा तिचा धंदा. वर्षाकाठी मंडळाच्या वर्गात बारा तास बसून वीस प्रश्नांची परीक्षा पास झाल्याशिवाय सनद पुढे चालू राहत नाही, हा नियम तिला मान्य आहे. शिकायला वय लागत नाही. शिकवायला काय लागते, हे मात्र तिला अजून उमगलेले नाही.

२. यंदाच्या वर्गाचा विषय होता 'दिवाळखोराची मालमत्ता : काय विकावे, काय सोडावे'. शिकवायला दोघे होते. एक, याच न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश (यापुढे 'साहेब'). दुसरे, पैसे मागणाऱ्यांची बाजू मांडणारे वकील. हे कुठल्याही अडचणीच्या प्रश्नावर 'पुढची स्लाइड' म्हणतात, म्हणून सगळे कोर्ट त्यांना स्लाइडवाले म्हणते. अर्जदाराला घड्याळ लावून बसायची खोड आहे. पहिल्या तासातली सव्वीस मिनिटे या दोघांचा परिचय वाचण्यात गेली. पुष्पगुच्छांत आठ. साहेबांचे डोळे मिटलेले आले म्हणून फोटो पुन्हा काढण्यात तीन. माइक सुरू आहे का, हे माइकमधूनच विचारण्यात चार. कायद्याच्या वाट्याला एकोणीस मिनिटे आली, आणि पुढे जे घडले ते पाहता तीही जास्तच होती.

परिचय मात्र ऐकण्यासारखा ऐवज आहे. सहा वर्षांत सहा वेळा ऐकल्याने अर्जदाराला तो पाठ आहे. साहेबांनी पंचवीस शहरांत आणि एका प्रवासी जहाजावर व्याख्याने दिली आहेत. 'त्यांचे अनेक निकाल वरिष्ठ न्यायालयात गाजले' या वाक्यापाशी निवेदिका दर वेळी थांबते आणि टाळ्या पडतात. वाक्य खोटे नाही. अर्जदाराने रजिस्टर काढून पाहिले : साहेबांचे चव्वेचाळीस निकाल वर गेले, त्यांतले एकोणतीस उलटे होऊन खाली आले. एवढ्या उंचावरून पडल्यावर आवाज हा व्हायचाच.

स्लाइडवाल्यांच्या परिचयात 'सलूनच्या खुर्चीच्या प्रसिद्ध खटल्यातील वकील' असे आहे. तो खटला ते हरले, हे लिहायला बहुधा कागद पुरला नसावा. जिंकलेली वकील त्या वेळी पाचव्या बाकावर बसून टाळ्या ऐकत होती. ती म्हणजे अर्जदार.

३. तो खटला आपल्या माहितीसाठी थोडक्यात असा. एक सलूनवाला बुडाला. कायदा म्हणतो, बुडालेल्याचे सगळे विका, पण ज्या अवजारांवर तो पोट भरतो ती सोडा. साहेबांनी कात्री, वस्तरा आणि कंगवा सोडला आणि खुर्ची जप्त केली. निकालात लिहिले, 'जिच्यावर मनुष्य बसतो ती वस्तू फर्निचर होय.' ही खुर्ची पायाजवळची तरफ दाबली की वर जाते, तिची पाठ मागे लवते आणि मान टेकायला तिला उशी आहे. साहेब स्वतः दर पंधरवड्याला कुठल्या फर्निचरवर बसून केस कापून घेतात, हे अर्जदाराने तेव्हा भर कोर्टात विचारले नाही, याची तिला अजून हळहळ वाटते.

वरच्या कोर्टाने दोन वर्षांनी निकाल फिरवला आणि खुर्ची हे धंद्याचे अवजारच आहे असे ठरवले. पण वरातीमागून घोडे. तोवर खुर्चीचा लिलाव होऊन गेला होता. सलूनवाला गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, स्वतः गुडघ्यांत वाकून केस कापत होता. दाढीला मान मागे टेकवायची म्हटली की त्याची बायको मागे उभी राहून गिऱ्हाइकाचे डोके हातांत धरायची. ती एकदा अर्जदाराला म्हणाली, "वकीलबाई, साहेबांना सांगा, आता मी पण फर्निचरच झाले."

तेव्हापासून कोर्टात अर्जदाराला खुर्चीबाई म्हणतात. तिची त्याला हरकत नाही.

४. खुर्ची लिलावात कोणी घेतली, हे मंडळाला सांगायला नको. मंडळानेच घेतली, चाळीस बाके आणि दोन कपाटांबरोबर एकगठ्ठा. खुर्चीच्या डाव्या हातावरचे फाटलेले कातडे सलूनवाल्याच्या बायकोने हिरव्या दोऱ्याने शिवले होते, ती टीप अजून जशीच्या तशी आहे. साहेब याच खुर्चीवर बसून, सलूनची खुर्ची हे फर्निचर असल्याचे शिकवतात. मुद्दा ठासून सांगायचा झाला की त्यांचा पाय आपोआप तरफेवर जातो आणि साहेब दोन बोटे वर चढतात.

यंदा ते असे चढलेले असताना अर्जदाराने हात वर केला आणि तो निकाल आठ वर्षांपूर्वीच फिरल्याचे नम्रपणे सांगितले. साहेब म्हणाले, "बाई, वरच्या कोर्टाचं मत वरच्या कोर्टापाशी. हा वर्ग माझा आहे." स्लाइडवाले म्हणाले, "पुढची स्लाइड." वर्गात साठ वकील होते. त्यांतले निम्मे तरी रोज अर्जदाराच्याच खटल्याचा दाखला देऊन आपल्या अशिलांची अवजारे सोडवून नेतात. पण साहेबांची ओळख आज ना उद्या कुठेतरी लागणार, या हिशेबाने सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. एकाने तेवढे खोकून दाखवले.

५. परीक्षेत यंदा प्रथमच आलेला प्रश्न सात शब्दशः असा : 'सलूनची खुर्ची ही (अ) फर्निचर असून विकता येते, (ब) धंद्याचे अवजार असून विकता येत नाही.' त्यापुढे बारीक अक्षरात : 'हा मूलभूत प्रश्न असून तो चुकल्यास इतर गुण विचारात घेतले जाणार नाहीत.' अर्जदाराने 'ब' लिहिले. बाकीचे एकोणीसही बरोबर लिहिले. एकोणसाठ जणांनी 'अ' लिहिले आणि एकोणसाठ पास झाले. नापास झाली ती, जिच्या खटल्यावर प्रश्न काढला होता.

६. अर्जदाराने वरच्या कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत जोडून हरकत घेतली. त्यावर आपल्या कक्षाचे उत्तर आले, ते अर्जदाराने काचेखाली लावून ठेवले आहे : 'उत्तरसूची व्याख्यात्यांकडे तपासणीस पाठविली असता ती व्याख्यात्यांच्या व्याख्यानाशी तंतोतंत जुळत असल्याचे व्याख्यात्यांनी कळविले आहे. सबब हरकत निकाली.' दुधाचे काय झाले याची चौकशी मांजराकडे सोपवावी आणि मांजराने मिशा पुसून 'सर्व ठीक' असे लेखी द्यावे, त्यातला हा प्रकार.

शिवाय मंडळाच्या नियमाप्रमाणे शिकवणाऱ्याचा एक तास तीन तास धरला जातो आणि त्याला परीक्षा माफ असते. म्हणजे वकिलीत आणि न्यायदानात जो तोंडावर पडतो, त्याने शिकवायला लागावे. पुन्हा कोणी त्याला काही विचारणार नाही. साहेबांची एकोणीस वर्षांची न्यायाधीशी झाली, तीत निदान वरचे कोर्ट तरी होते. व्याख्यानाला अपील नाही. एवढी निर्धास्त नोकरी दुसरी कुठली असेल तर अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

७. एवढ्यावर अर्जदाराने हा विषय हसून सोडून दिला असता. पण दि. १९ रोजी तिच्याकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची सुनावणी आहे. बाईंचे कापड बेतायचे टेबल जप्त व्हायचे की सुटायचे, हे त्या दिवशी ठरेल. टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली आहे. मधोमध इस्त्रीचा तिकोनी डाग आहे. एका टोकाला कापडावर खुणा उमटवायच्या दातेरी चाकाच्या जुन्या रेघा आहेत, त्या त्यांच्या सासूच्या हातच्या. सासूही त्याच टेबलावर बेतायची. टेबल गेले तर फरशीवर बसून बेतावे लागेल, आणि बाईंचे दोन्ही गुडघे आधीच गेलेले आहेत. समोरून टेबल म्हणजे फर्निचर असे म्हणणारे वकील कोण, हे सांगायला नको. स्लाइडवाले.

आता पेच असा आहे. पुनर्परीक्षेत 'ब' लिहावे तर दि. १६ ला सनद जाते आणि बाई १९ ला कोर्टात एकट्या उभ्या राहतात. तीन दिवसांत नवा वकील यात पडणार नाही. अर्जदाराने चौघांना विचारून पाहिले. 'अ' लिहावे तर उत्तरपत्रिका मंडळाच्या वाचनालयात सर्वांना पाहायला ठेवतात, आणि स्लाइडवाल्यांनी जिन्यात गाठून आधीच सांगून ठेवले आहे, "खुर्चीबाई, या खेपेला शहाण्यासारखं अ लिहा हं. एकोणीसला जजसाहेबांना तुमच्याच हातचं दाखवतो." अर्जदाराने त्यांना 'पुढची स्लाइड' म्हटले.

८. सल्ला द्यायला घरचे-दारचे होतेच. शेजारच्या टेबलावर बसणारे ज्येष्ठ वकील म्हणाले, "अहो, अ लिहायचं आणि चहा प्यायचा. आम्ही काय वेगळं केलं?" अर्जदाराचे यजमान निवृत्त शिक्षक आहेत. चौतीस वर्षे त्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या. ते म्हणाले, "अगं, एक अक्षर तर आहे. लिही नि मोकळी हो." मग चष्मा काढून पुसता पुसता म्हणाले, "पण चूक आहे हं ते." त्यांचा काही उपयोग झाला नाही.

शिवणकामवाल्या बाईंना अर्जदाराने दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला लावल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या परीक्षेतलं मला काय कळतंय? पण जेवायचं टेबल आहे म्हणून लिहून येऊ नका बाई. सासूबाईंनी मला त्याच्यावर एकदासुद्धा ताट ठेवू दिलं नाही."

९. आज दि. ९ रोजी सकाळी दहा वाजता अर्जदार पुनर्परीक्षेस हजर राहिली. परीक्षार्थी ती एकटीच. हॉल रिकामा होता. बाके, टेबले, कपाटे सगळी पॉलिशला गेलेली. उरली होती ती खिडकीपाशी एकटी उभी असलेली खुर्ची. हॉलचे शिपाई (निवृत्तीला चार महिने राहिलेले, त्यामुळे खरे बोलतात) म्हणाले, "बसा त्याच्यावरच. पॉलिशवाल्याने ही नेलीच नाही. मी म्हटलं, सगळं फर्निचर न्यायचं ठरलंय ना? तर माझ्यावरच डाफरला. म्हणतो, हे कुठलं फर्निचर, हे सलूनचं सामान. याला पॉलिश नाही, तेल लागतं."

अर्जदाराने विचारले, असे तो लिहून देईल का. शिपाई म्हणाले, "लिहून दिलंय की. न नेलेली खुर्चीही बिलात धरतील म्हणून मोठ्या लिपिकांनीच मागून घेतलं." आणि भिंतीवरच्या खिळ्याची पावती काढून दाखवली. तीवर असे आहे : 'फर्निचर मिळाले : बाके ४०, टेबले ६, कपाटे २. खुर्ची १ (वर-खाली होणारी) परत केली, कारण फर्निचर नाही.' खाली पॉलिशवाल्याची सही. त्याखाली 'तपासले, बरोबर आहे' असा शेरा, मंडळाच्या मोठ्या लिपिकांची सही आणि मंडळाचा गोल शिक्का.

एकतीस वर्षांत अर्जदाराने पुष्कळ निकाल वाचले. इतका थोडक्यात आणि इतका नेमका तिच्या पाहण्यात नाही. साहेबांना जे आठ वर्षांत उमगले नाही ते एका माणसाने खुर्चीखाली वाकून पाहिले आणि दोन मिनिटांत सांगितले. त्याचा परिचय कोणी वाचला नाही.

त्यानंतर अर्जदार खुर्चीवर बसली. तरफ दाबली, करकर झाली, पण खुर्ची वर गेली. कागद मांडीवर घेऊन तिने वीसही प्रश्न सोडवले. सातव्यापुढे 'ब' लिहिले.

१०. सबब विनंती अशी की, मंडळाच्याच शिक्क्याच्या पावतीप्रमाणे उत्तरसूची दुरुस्त करून अर्जदाराला उत्तीर्ण करावे आणि दि. १६ ची स्थगिती मागे घ्यावी. ते जमणार नसेल तर पावतीवरचा शेरा चुकीचा आहे असे लेखी द्यावे आणि खुर्ची उद्याच पॉलिशला पाठवावी. दोन्ही जमणार नसेल तर आपण स्वतः हॉलमध्ये यावे. तिथे बसायला तूर्त एकच जागा आहे. उजव्या पायाजवळची तरफ दाबावी, आणि वर गेल्यावर प्रश्न सात वाचावा.

आपला निर्णय काहीही होवो, पावतीच्या दोन प्रमाणित नकला अर्जदाराने आजच रीतसर काढल्या असून एक शिवणकामवाल्या बाईंकडे दिली आहे. दि. १९ ला सनद असली तर अर्जदार ती कोर्टात वाचून दाखवेल. नसली तर बाई स्वतः वाचतील. त्यांना वाचता येते, आणि मंडळाचा शिक्का चांगला ठळक उमटला आहे.

आपली नम्र, उत्तर न बदललेली,

(सही)
अर्जदार, वकील, दिवाळखोरी न्यायालय
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. वरच्या कोर्टाच्या निकालाची प्रत (दुसऱ्यांदा, पहिली वाचली गेल्याचे दिसत नाही).
२. व्याख्यात्यांचे परिचय, 'गाजले' या शब्दाखाली रेघ मारून. त्यामागे एकोणतीस निकालांची यादी.
३. बाईंच्या टेबलाचे दोन फोटो : एक पितळी पट्टीचा, एक सासूबाईंच्या रेघांचा.
४. पॉलिशवाल्याची पावती, प्रमाणित नक्कल. मूळ प्रत हॉलमध्ये खिळ्याला आहे, शिपाई दाखवतील.