बारकीबाईने शब्द फिरवला

मंगळवार, संध्याकाळ

आज सुनंदाच्या मृत्यूची चौकशी झाली. कर्नाळ्याजवळच्या वाडीतली ही कातकरी पोरगी बाळंतपणात गेली. तिची आशाताई मीच. त्या सकाळी मीच तिला घेऊन गेले होते. "अजून वेळ आहे," म्हणून दवाखान्याने परत पाठवलं. दुपारी रक्तस्राव सुरू झाला. पुन्हा नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

खरं सांगितलं तरच पुढची बाई वाचेल, हे वाडीतल्या बायांना मी किती दिवस समजावत होते. पटलंही होतं त्यांना. सुनंदाची सासू, बारकीबाई, स्वतःहून म्हणाली होती, "मी सांगन समद्यांसमोर."

आणि आज? माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमीच उशीर केला. दवाखान्याचा काय दोष नाय." दवाखान्याने परत पाठवल्याचं मी सांगितलं, तर चौकशीला आलेले मोठे डॉक्टर म्हणाले, "घरचेच नाही म्हणतायत, मग तुम्ही कशाच्या जोरावर बोलता?" बायांकडे पाहिलं. एकही बोलली नाही. एकही!

बाहेर आल्यावर बारकीबाईला गाठलं. "मावशी, मला असं तोंडघशी का पाडलंस?"

"धाकटी सून पोटुशी हाय, ताई. तिला तिथंच न्यायची हाय ना? त्यांना दुखवून कसं चालंल?"

तिने माघारी वळून बघितलंसुद्धा नसतं, तर बरं झालं असतं. पण चार पावलं जाऊन वळली. "गुरुवारी तपासणीला तूच येशील ना तिच्यासंगं?"

इतका राग आला होता, तरी मी हो म्हणाले.