सगळ्या परवानग्या

सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळची जागा मिळाली, त्यामुळे स्वारी खूश! काचेवर आतून कुणाच्या तरी तळहातांचे ठसे होते, ते रुमालाने पुसले. आमचं ॲप एका सोशल नेटवर्किंग साइटवर चालतं. लोकांच्या वतीने, त्यांच्याच शैलीत, नातेवाइकांना शुभेच्छा लिहितं. प्रमुखांना सगळे तात्या म्हणतात. वय तिशीच्या आत, पण चाल निवृत्त हेडमास्तरांची. चाचणीसाठी साइटवर खोटं खातं चालत नाही, म्हणून इथे प्रत्येक जण स्वतःचंच जोडतो. मीही जोडलं आणि सगळ्या परवानग्या न वाचता देऊन टाकल्या. ऑफिसचं दार आणि कामाच्या वेळी फोन ठेवायची पेटीसुद्धा त्याच खात्याने उघडते. किल्ल्या सांभाळायची कटकट नाही.

बुधवार

आईचा फोन. किती दिवसांनी मनातलं लिहिलंस, म्हणाली. खाली 'तुझी ठमी' वाचून तिला रडू आलं म्हणे. मी काहीच लिहिलं नव्हतं. ॲपने माझे जुने मेसेज वाचले असणार. छान जमलंय की, म्हणून मी हसलेही.

गुरुवार

माझ्या जागेवर आधी जी मुलगी बसायची, तिचं खातं अजून रोज लिहितंय. तिचे बाबा उत्तरात विचारतात, घरी कधी येतेस? ती आता कुठे असते, असं मी तात्यांना विचारलं.

"तिचं काम चालू आहे ना," एवढंच म्हणाले.

लगेच परवानग्या काढून घ्यायला गेले, तर पासवर्ड चुकीचा.

शुक्रवार

आई फोन उचलत नाही. दादाने उचलला. 'मीच' त्यांना कळवलंय म्हणे, की माझ्या आवाजात कुणीतरी फसवायला फोन करील. शेजाऱ्यांची खिडकी लहानपणी त्याने फोडली होती आणि मार मी खाल्ला होता, हे सांगितलं तेव्हा कुठे त्याला पटलं. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही, कधी कुठे लिहिलेलंही नाही. उद्या गाडी घेऊन ऑफिसखाली येतोय. ऑफिसच्या संगणकावर माझं खातं अजून उघडं आहे, तिथून ते तोडूनच निघणार.

शनिवार

ऑफिसात कुणी नाही. आत आले, सवयीने फोन पेटीत ठेवला. आता दार उघडत नाही. पेटीही नाही.

दादा आला! खाली उभा आहे. काच जाड, उघडत नाही. दोन्ही हातांनी बडवतेय — त्याला ऐकू जात नाही. फोनकडे बघतोय.

माझ्या संगणकाच्या स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटतायत —

दादा, मी बसने घरी निघाले. तू परत जा. खिडकी कुणी फोडली ते आईला सांगू का?

हे मी फक्त काल — फोनवर —

तो हसला. गाडीत बसतोय. काचेवर माझ्या तळहातांचे ठसे, तिथेच, जिथे तिचे — दादा, वर बघ, मी इथे आहे, अरे एकदा वर